हिब्रू कळफलक आणि बेने इस्राएलांची मराठी

संगणकावर यहुदी भाषा लिहिण्याच्या सोयींचा विचार करताना ‘यहुदी भाषा म्हणजे हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा’ हे समीकरण बहुधा गृहीत धरले जाते. यिद्दिशच्या बाबतीत ते खपून जाते. कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांच्या मराठीपाशी मात्र ते कोलमडते. कारण या समाजाची मराठी देवनागरीतच छापली गेली. जॉन विल्सन यांनी १८३२ साली या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हागादा या ग्रंथात हिब्रू मूळ व मराठी भाषांतर एकत्र येतात. असा ग्रंथ संगणकावर उतरविणाऱ्यास दोन कळफलक लागतात, आणि त्या दोहोंत लेखनाच्या दोन निराळ्या उपपत्ती गृहीत आहेत.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताशी व व्यंजने उजव्या हाताशी; दोहोंचा मान सारखाच. इस्रायलच्या ‘एसआय १४५२’ या मानकात २२ अक्षरे व ५ अंत्यरूपे यांस स्वतंत्र कळा आहेत. स्वरचिन्हे मात्र उजव्या ‘ऑल्ट’ कळीच्या साहाय्याने उमटतात. ‘पताह’ हवा असल्यास तिच्यासह ‘पे’ दाबावयाचा. नित्याच्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हे बहुधा गाळली जातात, हे लक्षात घेता ही योजना युक्तच होय. देवनागरीत मात्रेचा अभाव ‘अ’ सुचवितो. हिब्रूत स्वरचिन्हाचा अभाव कोणताच स्वर निश्चित करीत नाही. म्हणून स्वररहित हिब्रूचे निव्वळ यांत्रिक लिप्यंतर करून प्रार्थनेचा उच्चार मराठीत आणता येणार नाही.

खरा दोष कळफलकात नसून युनिकोडच्या संकेतव्यवस्थेत आहे. तेथे हिब्रू स्वरचिन्हांस ठराविक क्रमवर्ग दिलेले असल्यामुळे प्रमाणीकरणात लेखकाने योजलेला क्रम पालटू शकतो. बायबलातील ‘येरुशलाइम’ या नामात लामेदाखाली बहुधा पताह व हिरिक एकत्र येतात. प्रमाणीकरणात हिरिक पताहाच्या आधी जातो. तो थोपविण्यासाठी मध्ये एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. देवनागरी मात्रांवर हा प्रसंग येत नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे. भंडाऱ्यासारख्या, मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकास हे ग्रंथ संगणकावरील प्रतीतूनच सुलभ होणार. त्या प्रतीत स्वरक्रम बिघडला, तर नेमका शब्द शोधूनही सापडत नाही. आणि वर्गीकरण लिपीवरून झाले, तर बेने इस्राएलांची मराठी यहुदी भाषांच्या यादीतूनच गळते. तेव्हा भाषेची ओळख ती बोलणाऱ्या समाजावरून ठरवावी, कळफलकावरून नव्हे, हाच यातून निघणारा निष्कर्ष होय.