मुक्या रुग्णाची उस्तवार

डोरिस लेसिंग यांचे नाव निघाले की ‘द गोल्डन नोटबुक’ ही १९६२ ची कादंबरी आणि २००७ चे नोबेल पारितोषिक आठवते. त्यांचे ‘द ओल्ड एज ऑफ एल मॅग्निफिको’ हे छोटेखानी पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. त्याचा विषय आहे दुर्धर आजाराने गाठलेला एक वृद्ध बोका. मांजराच्या दुखण्यावर पुस्तक ते कशाला, असे कुणी विचारील. ज्या घरात असे दुखणे येऊन गेले आहे, त्या घराला हा प्रश्न पडत नाही. तिथली माणसे रडतात, आणि लोक हसतील म्हणून रडणे लपवतात. त्यांच्यासाठी आम्ही या पुस्तकाचा परामर्श घेत आहोत.

बुचकिन हा भरदार, रुबाबदार बोका. उतारवयात त्याला कर्करोग होतो आणि पुढचा एक पाय खांद्यासकट काढावा लागतो. माणूस आजारी पडला तर त्याला विचारता येते, समजावता येते, त्याची संमती घेता येते. मुक्या जिवाच्या बाबतीत हो म्हणणारे आपणच आणि त्याचा भार वाहणारेही आपणच. आपला जीव वाचवला गेला, हे त्या बोक्याला कधीच कळणार नाही. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनीच परक्या हातांत दिले आणि परतलो तो वेदना व अपमान घेऊन, एवढेच त्याला ठाऊक. तीन पायांवर बहुतेक मांजरे पुढे चांगली वावरतात, हे पशुवैद्य सांगतातच. पण लेसिंग या दिलाशाच्या आड लपत नाहीत. निर्णय योग्य होता आणि तरीही बोक्याच्या लेखी तो विश्वासघात होता, ही दोन्ही सत्ये त्या शेजारी शेजारी ठेवतात. आमच्या मते या पुस्तकाचे खरे मोल इथे आहे.

हा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे आधीपासून होता. ‘पर्टिक्युलरली कॅट्स’ या १९६७ च्या पुस्तकात ऱ्होडेशियातील शेतावरचे त्यांचे बालपण येते. तिथे मांजरे बेसुमार वाढली, तेव्हा ती मारावी लागली, आणि हे काम वडिलांनी पिस्तुलाने केले. त्याच पुस्तकात पुढे लंडनमधील काळी मांजर मरणपंथाला लागते, अन्नपाणी सोडते आणि गारव्यात जाऊन बसते. लेसिंग तिला उचलून घरात आणतात, ऊब देतात, थोडे थोडे द्रव बळेच पाजतात आणि मरणाच्या दारातून परत आणतात. ही दोन चित्रे एकत्र वाचली म्हणजे त्यांची माया भाबडी नाही, याची खात्री पटते.

दोष नाही असे नाही. बोक्याच्या मनात काय चालले आहे, हे लेखिका काही ठिकाणी फार ठामपणे सांगतात. मांजर वेदना लपवते, हा तिचा स्वभावच आहे. तिच्या डोळ्यांत आपण पुष्कळदा आपलीच अपराधी भावना वाचतो. शिवाय लेसिंग यांना उस्तवारीसाठी लाभलेली सवड सकाळी लोकल गाठणाऱ्या नोकरदार कुटुंबाला कुठून मिळावी? एखाद्या घराला शस्त्रक्रियेऐवजी वेदनारहित अखेर निवडावी लागली, तर त्याची माया कमी ठरत नाही. या बाजूचा अधिक विचार पुस्तकात हवा होता, असे आम्हांस वाटते.

मात्र शेवटाकडे लेखिका जे सांगतात ते सर्वांना साधण्याजोगे आहे. मांजराजवळ बसायचे तर आपली धांदल बाजूला ठेवावी, स्वतःची गती मंद करावी, मग ते आपल्याशी काही बोलू लागते. बरे करणे आपल्या हाती नसते तेव्हाही जवळ बसणे आपल्या हाती असते. त्या बसण्यात औषधाची वेळ कळते, दुखणारी बाजू कळते, आणि पुरे झाले असेल तर तेही कळते. वाचकहो, दुःख हलके करण्याचे आश्वासन हे पुस्तक देत नाही. ते दुःख लाजिरवाणे नाही एवढे ते सांगते, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य वाचावे.