दोन मिरवणुका : मान्झोनींच्या कादंबरीतील महामारी

महामारीच्या दिवसांत भाविकांनी एकत्र यावे की दूर राहावे, हा प्रश्न २०२० साली आपल्या घराघरांत शिरला. मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली, पवित्र आठवडा दूरचित्रवाणीसमोर पाळावा लागला, कित्येकांना आपल्या माणसाला मूठभर माती देण्याचीही संधी मिळाली नाही. पुढे दारे उघडली तेव्हा ख्रिस्तशरीर जिभेवर घ्यावे की तळहातावर, यावरूनही मने दुखावली. श्रद्धा कमी पडली म्हणून दारे लावली, असे म्हणणारे होते. आणि श्रद्धा आंधळीच असते हे पुन्हा सिद्ध झाले, असे म्हणणारेही होते. ह्या दोन्ही पक्षांना एका जुन्या कॅथलिक कादंबरीने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. मात्र ते अर्धेच वाचले जाते, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

आलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५-१८७३) यांची 'ई प्रोमेस्सी स्पोझी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर', ही कादंबरी १८२७ साली प्रसिद्ध झाली. भाषेवर पुन्हा हात फिरवून तिची अंतिम आवृत्ती त्यांनी १८४० ते १८४२ या काळात काढली. कथा १६२८ ते १६३० ह्या वर्षांतली, मिलान आणि त्याच्या उत्तरेच्या सरोवराकाठच्या खेड्यातली. रेन्झो हा रेशीम विणणारा तरुण आणि लुचिया यांचे लग्न ठरलेले असते. गावच्या उमरावाची नजर लुचियावर पडते, त्याच्या धमकीला घाबरून डॉन आबोंदिओ हे धर्मगुरू लग्न लावण्याचे टाळतात, आणि दोघांची ताटातूट होते. मग दुष्काळ येतो, सैन्य येते, आणि सैन्याच्या पाठोपाठ प्लेग येतो. मान्झोनी तारुण्यात श्रद्धेपासून दुरावले होते; १८१० साली ते तिच्याकडे परतले. त्यांच्या आईचे वडील चेझारे बेक्कारिया हे न्यायदानातील यातनांविरुद्ध लिहिणारे विचारवंत. आजोबांची चिकित्सा आणि स्वतः कमावलेली श्रद्धा, असे दोन वारसे ह्या लेखकाच्या हाती होते, आणि एकासाठी दुसरा त्याने टाकून दिला नाही.

एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या प्रकरणांत कथेचे नायक-नायिका जवळजवळ दिसेनासे होतात. जुन्या बखरकारांची साक्ष काढीत लेखक मिलानच्या प्लेगचा इतिहासच सांगू लागतो. खुद्द गटेनेही १८२७ मध्ये एकेरमानशी बोलताना अशी नाराजी व्यक्त केली होती की, येथे इतिहासकाराने कवीवर मात केली. मोठ्या माणसाचा आक्षेप खरा, पण तो येथे पटत नाही. ह्या दोन प्रकरणांचा नायक रेन्झो नाहीच. नायक आहे तो मिलानचा भाविकसमुदाय. तो देवळात गुडघे टेकतो, अफवा ऐकतो, मिरवणुकीत अनवाणी चालतो आणि मरतो. त्या नायकाची कथा सांगायला तारखा आणि आकडेच लागतात.

रोगाची पहिली वर्दी देणारा लुदोव्हिको सेत्ताला हा ऐंशीच्या घरातला वैद्य. १५७६ चा प्लेग त्याने तरुणपणी पाहिलेला होता. २० ऑक्टोबर १६२९ रोजी त्याने आरोग्यमंडळाला कळवले, की सरोवराकाठच्या किउझो गावी संसर्ग शिरला आहे. त्याचे बक्षीस म्हणून पुढे रस्त्यात जमावाने त्याला घेरले: हाच तो, प्लेग आहे म्हणून हट्ट धरणारा! रोगाला नाव देण्याच्या टाळाटाळीची मान्झोनींनी जी पायरी-पायरीने नोंद केली आहे ती उपरोधाचा उत्तम नमुना होय. आधी प्लेग मुळीच नाही. मग ताप आहेत, थोडे प्लेगसारखे. मग प्लेग आहे, पण खरा म्हणावा असा नव्हे. आणि शेवटी, प्लेग आहे यात शंका नाही, पण तो कुणीतरी विष कालवून आणलेला आहे. डॉन फेर्रांते नावाचे एक पंडित तर संसर्ग हे द्रव्यही नव्हे आणि गुणही नव्हे, म्हणून तो असूच शकत नाही, असे तर्कशास्त्राने सिद्ध करतात; मग त्याच रोगाने अंथरूण धरून ग्रहताऱ्यांना दोष देत प्राण सोडतात. २०२० साली अशी विद्वत्ता आपण भ्रमणध्वनीवर पुष्कळ वाचली!

पेन्तेकॉस्तच्या सणात लोक पूर्वीच्या प्लेगातील मृतांसाठी प्रार्थना करायला शहराबाहेर सान ग्रेगोरिओच्या दफनभूमीकडे जात. त्या गर्दीतून आरोग्यमंडळाने एका प्लेगने मेलेल्या अख्ख्या कुटुंबाची प्रेते उघडी गाडीवर नेली. अंगावरच्या खुणा लोकांना दिसाव्यात म्हणून! भाविकांना सत्य कळावे यासाठी अधिकाऱ्यांना याहून सौम्य मार्ग उरला नव्हता.

आता ती मिरवणूक. नगरमंडळाने कार्डिनल फेदेरिगो बोरोमिओ यांच्याकडे मागणी केली, की संत चार्ल्स यांचे पवित्र अवशेष शहरभर फिरवावेत. फेदेरिगो हे संत चार्ल्स यांचे चुलतभाऊ, आम्ब्रोझियन ग्रंथालयाचे संस्थापक. त्यांनी नकार दिला. आपणच निवडलेल्या उपायावर असा भरवसा टाकला आणि त्याला फळ आले नाही तर लोकांची श्रद्धाच डळमळेल, असे ते म्हणाले. शिवाय एवढा समुदाय एकत्र आला तर संसर्गच फैलावेल, हेही त्यांनी बजावले. लक्षात घ्यावे, की हा आक्षेप कुणा नास्तिकाचा नव्हता. तो प्रत्यक्ष आर्चबिशपांचा होता, आणि त्यात श्रद्धेची काळजी अगोदर येते, शरीराची मागाहून. पण मागणी पुन्हा झाली, जनतेने ती उचलून धरली, आणि कार्डिनल नमले. ११ जून १६३० रोजी पहाटे मिरवणूक निघाली. बुरखे घेतलेल्या स्त्रिया, अनवाणी आणि गोणपाट पांघरलेले लोक, आपापल्या ध्वजांखाली व्यवसायसंघ, धर्मबंधू, धर्मगुरू. आणि छत्राखाली, काचेतून दिसणारे संतांचे मुख. दारांना बाहेरून खिळे ठोकून कोंडलेल्या घरांतले लोक खिडक्यांतून पाहत होते. मिरवणूक शहराच्या सर्व भागांतून फिरली आणि चौकाचौकांत, संत चार्ल्स यांनी आधीच्या प्लेगात उभारलेल्या क्रुसांपाशी, थांबत गेली.

ह्या क्रुसांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. १५७६ च्या प्लेगात लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई होती, म्हणून संत चार्ल्स यांनी रस्त्यांत वेद्या उभारून मिस्सा अर्पण करण्याची व्यवस्था केली. लोक खिडकीत, दारात गुडघे टेकून सहभागी होत. प्रायश्चित्ताच्या मिरवणुका त्यांनीही काढल्या होत्या, हे खरे, आणि नगरमंडळाच्या मागणीला तोच आधार होता. पण रस्त्यातली वेदी ही दूर राहून एकत्र येण्याची युक्ती होती, आणि चौकातले क्रूस त्याच काळाची खूण. चोपन्न वर्षांनी त्याच क्रुसांना खेटून गर्दी उभी राहिली. मान्झोनी क्रुसांचा उल्लेख करतात, त्यांपैकी काही आपल्या काळीही उभे असल्याचे सांगतात, आणि पुढे जातात. विरोधाकडे ते बोट दाखवीत नाहीत. मुंबई-साष्टीच्या जुन्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगकाळी उभारलेले क्रूस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वाक्य वाचताना अडखळल्यावाचून राहवणार नाही. क्रूस उरतो, तो उभारताना लोक एकमेकांपासून किती अंतरावर होते, ते कुणी कोरून ठेवीत नाही.

दुसऱ्याच दिवशी मृत्यू एकाएकी वाढले, शहराच्या प्रत्येक भागात आणि प्रत्येक थरात. मिरवणूकच त्याचे कारण, हे सर्वांना दिसले. पण अंगाला अंग लागले म्हणून, असे बहुतेकांना वाटेना. 'ऊन्तोरी', म्हणजे विषारी लेप फासणारे, गर्दीत शिरले आणि त्यांनी वस्त्रांच्या काठांना, अनवाणी पावलांना भुकटी लावली, अशी समजूत पसरली. ह्याच प्रकरणातला एक प्रसंग ह्या सबंध ग्रंथात मला सर्वांत भयंकर वाटतो. सान्त आन्तोनिओच्या चर्चमध्ये ऐंशी उलटलेला एक म्हातारा गुडघ्यांवर प्रार्थना करून उठतो आणि बसण्यापूर्वी आपल्या झग्याने बाक झटकतो. तेवढ्यावरून स्त्रिया ओरडतात, की हा बाकांना लेप लावतोय. चर्चमध्ये, वेदीसमोर, भाविक त्याचे पांढरे केस धरून त्याला तुडवतात. बाक पुसणे ही तर स्वच्छतेची साधी सवय! समुदायाचे आरोग्य कोठे बिघडले होते, हे ह्या एका प्रसंगातून जेवढे कळते तेवढे मृतांच्या आकड्यांतूनही कळत नाही. मिरवणुकीनंतर दहा दिवसांनी, २१ जूनला, एका बाईने खिडकीतून आरोग्यखात्यातल्या गुल्येल्मो पियात्सा याला भिंतीला हात पुसताना पाहिले. त्यातून त्याचा आणि जानजाकोमो मोरा ह्या न्हाव्याचा छळ करून वध झाला. न्हाव्याचे घर पाडून तेथे उभारलेला 'कलंकस्तंभ' १७७८ पर्यंत उभा होता. ती हकीकत मान्झोनींनी अंतिम आवृत्तीला स्वतंत्र ग्रंथ म्हणून जोडली. आजोबांचा नातू तेथे बोलतो.

येथे मान्झोनींवर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. कार्डिनल का नमले? योग्य कारण ठाऊक असून, ते उच्चारून, मग माघार का? मनाचा थोडा कमकुवतपणा होता की काय, हे मानवी हृदयाचे गूढ आहे, असे म्हणून लेखक दार लोटून घेतो. एवढ्या सदसद्विवेकी पुरुषाची चूक बुद्धीची मानावी, विवेकाची नव्हे, असेही सुचवतो. ज्या लेखकाने एका अनामिक पाप्याची पश्चात्तापाची रात्र तासातासाने जागवली, मठात ढकलल्या गेलेल्या जेर्त्रूदेच्या मनाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, त्याने नेमके ह्याच उंबरठ्यावर थबकावे? एका सज्जन धर्माधिकाऱ्याला लोकांच्या भक्तीनेच कसे कोंडीत पकडले, ही कादंबरीकाराने लिहिण्याची गोष्ट होती. आदर आड आला, असे म्हणणे भाग आहे. आपल्या धर्मग्रामांतही प्रमुख धर्मगुरूंना सणाच्या गर्दीपुढे 'नाही' म्हणणे किती अवघड जाते, हे आपण जाणतो; म्हणून ती न लिहिलेली पाने अधिकच हवीशी वाटतात.

आणि तरीही मान्झोनींनी उत्तर दिले आहे. ते छत्तिसाव्या प्रकरणात, दुसऱ्या मिरवणुकीत आहे. स्थळ लाझारेत्तो, शहराच्या वेशीबाहेरचे रुग्णांचे विशाल आवार. १६३० च्या मार्चअखेरीस त्याचा कारभार कापुचिन फादर फेलिचे कासाती यांच्याकडे सोपवला गेला. ते ऐतिहासिक पुरुष. त्यांनाही प्लेग झाला आणि ते बरे होऊन पुन्हा कामाला लागले. लुचियाच्या शोधात रेन्झो तेथे पोहोचतो त्या दिवशी फादर फेलिचे बऱ्या झालेल्यांना निरोप देत असतात. गळ्यात दोरखंड, पुढ्यात मोठा क्रूस. आमच्या सेवेत जे उणे राहिले त्याची क्षमा करा, असे म्हणून ते त्या अशक्त लोकांपुढे गुडघे टेकतात. मग मिरवणूक निघते. पुढे अनवाणी फादर, मागे मुले, मग स्त्रिया, बहुतेकींनी कुणा ना कुणा लहान मुलीचा हात धरलेला, मग पुरुष, आणि शेवटी, चालवत नाही अशांच्या गाड्या. रेन्झो प्रत्येक चेहरा पाहतो. लुचिया त्यांत नसते.

ही मिरवणूक जाते कोठे? विलगीकरणाचे उरलेले दिवस काढायला, दुसऱ्या जागी. फादर क्रिस्तोफोरोंच्या तोंडून हे एका वाक्यात येऊन जाते आणि वाचक ते सहज ओलांडतो. पण दोन्ही मिरवणुका शेजारी ठेवून पाहाव्यात. अनवाणी पाय, क्रूस, पश्चात्ताप हे सारे दोन्हींत समान. पहिली रोग्यांना खिळ्यांनी कोंडून निरोग्यांना एकत्र आणते. दुसरी रोग्यांच्या मधून उठते आणि नियमाच्या दिशेने चालू लागते. मान्झोनींनी मिरवणुकीला विरोध केला, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण वाचलेले नसते. भक्तीचे तेच रूप त्यांनी जागच्या जागी पुन्हा उभे केले आहे.

फेदेरिगोंविषयीही त्यांनी एक वाक्य असे लिहिले आहे, की ते प्रत्येक सेमिनरीत शिकवले जावे. भावार्थ असा: कर्तव्याच्या आड न येणारी कोणतीही सावधगिरी त्यांनी सोडली नाही, तसे नियमही धर्मगुरूंना घालून दिले, आणि परोपकारासाठी धोक्यातून जावे लागले तेव्हा धोका आहे हे जणू त्यांना दिसलेच नाही. शहरातल्या धर्मग्रामांचे साठांहून अधिक प्रमुख धर्मगुरू त्या प्लेगात गेले, नवांतले सुमारे आठ. ह्या संख्येपुढे, सावधगिरी म्हणजे भित्रेपणा, ही कोटी टिकत नाही. खरा भित्रा डॉन आबोंदिओ. तो जगतो, आणि प्लेग म्हणजे मोठा झाडूच होता, असे खुशीत येऊन म्हणतो.

आल्बेर काम्यूंच्या 'ला पेस्त' (१९४७) मधील फादर पानलू हे येशूसंघीय धर्मगुरू आपल्या वाचकांस अधिक परिचित असतील. त्यांचे पहिले प्रवचन 'तुम्ही' म्हणते, दुसरे 'आम्ही'. तो बदल हृद्य आहे. त्या दुसऱ्या प्रवचनात कैरोच्या मठवासीयांचा उल्लेख येतो, जे साथीच्या काळात चिमट्याने ख्रिस्तशरीर देत. पानलूंना ते अतिरेकी वाटते. काम्यूंचे लेखन तीव्र आहे, पण त्यांचा धर्मगुरू नेहमी कल्पनेच्या टोकाशी उभा असतो: सर्व स्वीकारा किंवा सर्व नाकारा. भाकर कोण वाटणार, बाक कोण धुणार, वेदी कोठे मांडायची, हे प्रश्न त्याच्या प्रवचनात नाहीत. मान्झोनींचे कापुचिन ह्याच प्रश्नांत दिवसभर बुडालेले असतात.

वेदी कोठे मांडायची, याचे उत्तर तर लाझारेत्तोच्या रचनेतच आहे. आवाराच्या मधोमध अष्टकोनी चॅपेल, संत चार्ल्स यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. नुसते खांब आणि कमानी, भिंत कोठेच नाही. मध्यावरची वेदी सभोवतालच्या प्रत्येक खोलीच्या खिडकीतून आणि आवारातल्या जवळजवळ प्रत्येक बिछान्यावरून दिसावी, अशी योजना. आपल्या काळी त्या इमारतीचा उपयोग बदलला होता आणि कमानी भिंती घालून बुजवल्या होत्या, हेही मान्झोनी तेथेच नोंदवून ठेवतात.