रत्न पुरलं कुणी?

मार्चमधल्या स्वच्छ रात्री पिंपळे गुरवच्या गच्चीवरून सिंह राशीतली मघा सापडते. तिच्या दक्षिणेला षडंश नावाचा फिकट तारकासमूह आहे. फोनवरच्या आकाशनकाशात ‘एचडी ८६०८१’ शोधलं, की बाण तिथे जाऊन थांबतो. मान वर करून पाहावं, तर काहीच नाही. दोष फक्त आपल्याकडच्या दिव्यांचा नाही. हा तारा काळ्याकुट्ट आकाशातही दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने या ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिलं. बंगाली बिभा म्हणजे आपली विभा, प्रकाश. त्याच्या ग्रहाचं नाव ‘संतमस’, म्हणजे दाटलेला अंधार. हे दुसरं नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं.

बिभा चौधुरी (१९१३–१९९१) यांच्यावर रॉय आणि राजिंदर सिंग यांनी २०१८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिलं. या पुस्तकाचे आपल्यावर उपकार आहेत, कारण त्यानंतरच हे नाव अनेकांपर्यंत पोचलं. पण शीर्षक मला खटकतं: ‘अ ज्वेल अनअर्थ्ड’. जमिनीतून उकरून काढलेलं रत्न! रत्न बोलत नाही, काम करत नाही. ते फक्त कुणाला तरी सापडतं.

बाई मात्र सतत काम करत होत्या. दे. मो. बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग, संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचपट्ट्या ठेवल्या. अवकाशातून येणारे वैश्विक किरण त्या पट्ट्यांवर बारीक रेघा उमटवत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा वाचून कणाचं वस्तुमान काढायचं. त्यावरचे निबंध १९४०च्या सुमारास ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे संशोधन केलं. १९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना, भौतिकशास्त्रात बायका इतक्या कमी असणं ही शोकांतिका आहे, असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. मग पुरलं कुणी? छापलेलं न वाचणाऱ्यांनी.

व्हॉट्सॲपवर फिरणारी दुसरी गोष्ट ‘हुकलेल्या नोबेल’ची. सेसिल पॉवेल यांना १९५० मध्ये याच फोटो-पद्धतीसाठी आणि मेसॉनच्या शोधांसाठी नोबेल मिळालं. युद्धकाळात बोस-चौधुरी यांना चांगल्या प्रतीच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत, हे खरं. पण त्यांनी पायॉन वेगळा ओळखला होता, असं म्हणणं घाईचं आहे. पॉवेल यांनी १९५९च्या ग्रंथात त्यांच्या कामाची दखल घेतली होती, तेही आपण सोयीने विसरतो. ‘बिचारी, नोबेल हुकलं’ एवढंच म्हटलं, की तिने नेमकं केलं काय, हे समजून घ्यायची गरज उरत नाही.

स्त्री-शास्त्रज्ञांची आपली बहुतेक चरित्रं इथेच अडतात. अन्याय सविस्तर, विज्ञान दोन ओळींत. दहावीतल्या मुलीला अशा पुस्तकातून हळहळ मिळते, वाट मिळत नाही. मराठीत कुणी बिभाताईंवर लिहिणार असेल, तर माझी मागणी साधी आहे. पहिल्याच प्रकरणात ती काचपट्टी वाचकाच्या हातात द्यावी, आणि तिच्यावरची रेघ कशी वाचायची ते शिकवावं.