जाणतेपणाची मर्यादा : बेकनचे निबंध

जीवित, स्वातंत्र्य, महत्त्वाकांक्षा, मनुष्यस्वभाव अशा विषयांवरील सुटे विचार ग्रथित करणारीं पुस्तकें वाचकांस फार प्रिय असतात. त्यांतील एखादें वाक्य उचलून पत्रांत किंवा व्याख्यानांत योजणें सोपें असतें. परंतु तें ज्यानें लिहिलें त्यास स्वतःस कितपत उपयोगी पडलें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. फ्रान्सिस बेकनचे निबंध शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें तो आम्हांस विचारला : "इतकें सगळें ठाऊक असून हा गृहस्थ पडला कसा?" त्या दिवशीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नाहीं, प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न होय.

बेकनच्या निबंधांची पहिली आवृत्ति 1597 सालीं निघाली. तींत अवघे 10 निबंध होते. 1612 सालीं ते 38 झाले आणि 1625 च्या आवृत्तींत 58. उच्च अधिकारपदासंबंधींचा निबंध 1612 मधला. सत्ता मिळवितांना मनुष्य आपलें स्वातंत्र्य हरवतो, आणि वेळ येऊनहि पद सोडणें त्यास जमत नाहीं, हें त्यांतील मुख्य प्रमेय. लांचलुचपतीसंबंधीं तर घेणाऱ्याप्रमाणें देऊं पाहणाऱ्याचाहि बंदोबस्त त्यांत सांगितला आहे. हाच लेखक 1618 सालीं इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला, आणि 1621 सालीं पक्षकारांकडून द्रव्य घेतल्याच्या आरोपावरून पदच्युत झाला. त्यानें आरोप कबूल केले. 40,000 पौंड दंड व लंडनच्या टॉवरमध्यें कारावास अशी शिक्षा पार्लमेंटनें दिली. पुढें दंड माफ झाला, कैदहि थोड्याच दिवसांत संपली. अधिकारपद मात्र पुन्हा मिळालें नाहीं.

यावरून बेकन दांभिक होता असा निकाल देऊन मोकळें होतां येईल. पण तो निकाल आम्हांस उतावळा वाटतो. न्यायाधीशानें नजराणे स्वीकारण्याची चाल त्या काळीं रूढ होती, आणि ज्या पक्षकारांनीं प्रथम तक्रार केली त्यांच्या विरुद्धच बेकननें निर्णय दिले होते. पैसा घेतला, पण न्याय विकला नाहीं, अशी त्यानें मनाची समजूत घातली होती. मनुष्यस्वभावाची एवढी पारख असलेल्या पुरुषास ही आत्मवंचना दिसूं नये, हेंच खरें कोडें.

त्याची उकल महत्त्वाकांक्षेवरील निबंधांत सांपडते. महत्त्वाकांक्षेस बेकन पित्ताची उपमा देतो : वाट मोकळी असेल तोंपर्यंत तें माणसास चपळ ठेवतें, अडलें कीं विषारी होतें. निदान उत्तम आहे. परंतु पुढील चिकित्सा वाचली म्हणजे असें दिसतें कीं, राजानें असल्या माणसांचा उपयोग कसा करावा व त्यांस आवरावें कसें, याचाच तींत मुख्यतः विचार आहे. वैद्य रोग्याशीं बोलतच नाहीं. त्याच्या धन्याशीं बोलतो. महत्त्वाकांक्षेनें त्या माणसाच्या स्वतःच्या अंतःकरणाचें काय होतें, हा प्रश्न बाजूसच राहतो. फ्रान्समध्यें 1580 सालीं आपले निबंध प्रसिद्ध करणाऱ्या माँतेननें स्वतःसच ग्रंथाचा विषय केलें. त्याचें लेखन पसरट आणि कित्येकदां परस्परविरोधी आहे, तरी त्यांत मनुष्य आपणांस तपासतांना दिसतो. बेकनच्या रेखीव वाक्यांस हा 'मी' सोसत नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आज आम्ही असें सांगूं : बेकनचें ज्ञान खोटें नव्हतें, परंतु त्याचें तोंड सदैव दुसऱ्याकडे वळलेलें होतें. मुलांनीं मोठ्या हुद्द्यावर चढावें म्हणून झटणाऱ्या आपल्या घरांतून हे निबंध अवश्य वाचले जावे. मात्र प्रत्येक वाक्य प्रथम स्वतःस लावून पाहावें. एक गोष्ट बेकनच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. पदच्युतीनंतर चार वर्षांनीं काढलेल्या आवृत्तींतून अधिकारपदावरील तो निबंध त्यानें गाळला नाहीं. ज्याच्या ओळीओळीवर जग बोट ठेवील असा लेख त्यानें पुन्हा छापूं दिला. त्याच्या निबंधांत सहसा न आढळणारा 'मी' कदाचित् त्या एका कृतींत आढळतो.