चहा, चिमण्या आणि आपले ‘प्रश्न’

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की ती थोड्याच वेळात प्रश्नांवर येऊन थांबते. तलाक, शिक्षण, दंगली, भाषा, ओळख. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या परिसंवादांचे विषय बहुतेक याच यादीतून निघत आले आहेत. त्यात गैर काही नाही. हमीद दलवाईंच्या ‘लाट’मधल्या कथा किंवा १९६५ ची ‘इंधन’ ही कादंबरी प्रश्न टाळून लिहिताच आली नसती. परंतु माणसाच्या आयुष्यात प्रश्नांखेरीजही पुष्कळ काही असते. कोणाला चहा एका ठरावीक पद्धतीनेच लागतो, कोणी कबुतरे पाळतो, कोणाला पतंगाच्या मांज्यातले सारे कळते, कोणी तीस वर्षे एकाच दुकानातून अत्तर घेतो. अशा रोजच्या आवडींबद्दल एखाद्याने स्वतःहून, कोणी मागितले नसताना, आपल्या शब्दांत लिहिले तर ते लेखन आपण साहित्य म्हणून वाचतो का? आणि ते वाचायचेच म्हटले तर सापडते कुठे? प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींचा विचार करायचा आहे.

मराठीत अशा लेखनाची परंपरा जुनी आहे आणि तिचा एक ठळक आरंभ मुंबईतच झाला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. माडगावकर मूळचे गोव्याचे. लहानपणी मुंबईत आले आणि पुढे शिक्षक झाले. मुंबई शहराचे सरकारी इंग्रजी गॅझेटियर १९०९-१० चे आहे. त्याच्या सेहेचाळीस वर्षे आधी एका मास्तरांनी या शहरातले रस्ते, बाजार, तळी, देवळे, मशिदी, गाड्या, धंदे, सणवार आणि जातीजमातींचे पोशाख मराठीत लिहून ठेवले. गॅझेटियरमागे सरकारी यंत्रणा होती, माडगावकरांमागे त्यांचे कुतूहल होते. त्यामुळे दोन्हींतली माहिती पुष्कळदा एकच असली तरी माडगावकर वाचताना शहरातून हिंडणारा एक माणूस आपल्याला सतत दिसत राहतो.

मात्र या नजरेला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. हिंदू घरातला हा शिक्षक मुसलमानी वस्तीचे जे वर्णन करतो ते रस्त्यावरून दिसलेले आहे. मशीद दिसते, जुलूस दिसतो, पेहराव दिसतो. घरात काय शिजते, मुले काय खेळतात, बायका दुपारी काय बोलतात ते दिसत नाही. हा दोष माडगावकरांच्या पदरी घालण्यात अर्थ नाही. उंबऱ्याच्या आतले आतल्या माणसानेच लिहायचे असते. १८६३ नंतर आपण ते किती लिहिले, याचा हिशेब आपणच द्यायचा आहे.

१९२५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत लघुनिबंध बहरला. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी साध्या विषयांवर खेळकर गद्य लिहिले आणि ते पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोचले. हे लेखन आज वाचताना एक गोष्ट खटकते. विषय साधा असतो, पण लेखकाला त्या विषयात फारसा रस असतोच असे नाही. विषय ही नुसती खुंटी असते आणि तिच्यावर लेखकाच्या चतुराईचा कोट टांगलेला असतो. पुढे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले, तेव्हा हा फरक लक्षात येतो. बारा महिन्यांतली झाडे, पाखरे आणि आभाळ हाच तिथे खरा विषय आहे. लेखिका त्याच्यापुढे स्वतःला मागे ठेवते आणि तरीही प्रत्येक पानावर तीच भेटते. त्याच दुर्गाबाईंनी ‘खमंग’ हे स्वयंपाकाचे पुस्तकही लिहिले. इतक्या व्यासंगी बाईंना फोडणीबद्दल लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट आपल्या लेखकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

उर्दूकडे वळले तर आपल्याला लाजायचे काहीच कारण नाही. मिर्झा गालिबची पत्रे ‘ऊद-ए-हिंदी’ या नावाने १८६८ मध्ये छापली गेली. त्यांत आंबे आहेत, पाऊस आहे, गळणारे घर आहे. पण या विषयासाठी सर्वांत मोलाचे पुस्तक महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिले गेले आणि त्याची आठवण मराठीत फार थोडी निघते. ते म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘गुबार-ए-खातिर’.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गिरगावच्या पलीकडे गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. मौलाना त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना मुंबईत अटक झाली आणि इतर नेत्यांबरोबर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. तिथे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. पत्रे धाडण्याची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. १९४६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्याच किल्ल्यात, त्याच काळात जवाहरलाल नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. तेही १९४६ मध्येच आले. एका कैद्याने देशाचा शोध लिहिला. दुसरा पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करी आणि त्या चहाबद्दल लिही. कोणती पत्ती खरी, चिनी चहात दूध घालणे हा त्याच्यावर कसा अन्याय आहे, ते सविस्तर सांगे. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी त्याचे भांडण झाले, मग दोस्ती झाली. त्याने त्यांना नावे दिली आणि एकेकीचा स्वभाव लिहून ठेवला. संगीतावरच्या पत्रात आपल्या तरुणपणच्या सतारीची गोष्ट सांगितली.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मौलाना प्रश्नांपासून पळाले. असे म्हणण्याला पुस्तकच उत्तर देते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. आजारपण कळूनही त्यांनी सुटकेसाठी सरकारपुढे हात पसरला नाही. तेही एका पत्रात आले आहे. चहा, चिमण्या आणि हे पत्र एकाच पुस्तकात आहेत म्हणून त्या दुःखाचे वजन कळते. ज्याची पहाटेची प्याली आपल्याला ठाऊक झाली आहे, त्याचा शोक आपल्याला परक्याचा वाटत नाही. आणि दुसरे असे की, इंग्रज सरकारला तो माणूस केवळ ‘कैदी’ म्हणून हवा होता. चहावर बारकाईने लिहून त्याने आपले संपूर्ण माणूसपण शाबूत ठेवले.

या पुस्तकातही उणिवा आहेत. फारसी बैतांची गर्दी इतकी आहे की आजच्या उर्दू वाचकाचीही दमछाक होते. लेखकाला आपल्या अभिरुचीचा ताठा आहे. बरोबरचे कैदी क्वचितच डोकावतात. पण चहाची पत्ती आणि चिमणीची चाल यांबद्दल तो बोलतो तेव्हा ताठा गळून पडतो, कारण तिथे त्याला खरोखर काही माहीत असते. अशा लेखनाची ही पहिली कसोटी मला वाटते. लेखकाला त्या गोष्टीची स्वतःच्या हाताने, डोळ्याने, जिभेने मिळवलेली माहिती हवी.

आता लालबाग-परळकडे येऊ. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा केला. ते इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आले आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीत पोचले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबरोबरच खाणावळी, शाहिरी, दहा-पंधरा जणांची एक खोली, हेही त्यात माणसे स्वतः सांगतात. गिरण्यांच्या विणाई खात्यात मदनपुऱ्यातले अन्सारी मोमीनही होते, उत्तरेतून हातमागाची विद्या घेऊन आलेले. या पुस्तकाचे मोल मोठे आहे. तरी एवढे लक्षात घ्यावे लागते की ही माणसे बोलली ती कोणी विचारायला आले म्हणून. साच्यावर धागा तुटला तर कानाला आधी कळते की डोळ्याला, हे विणकराने आपण होऊन कागदावर उतरवले असते तर ते आणखी वेगळे झाले असते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ‘मेरा पसंदीदा मशगला’ हा निबंधाचा विषय दिला की वर्गातली निम्मी मुले ‘मुताला’ म्हणजे वाचन लिहितात, कारण गाइडमध्ये तसे छापलेले असते. त्यांतलाच एखादा मुलगा मधल्या सुट्टीत कबुतराच्या पंखावरून त्याची जात सांगतो, किती उंच गेले की ते परत कसे बोलवायचे याचे वर्णन करतो. त्याची बोली तेव्हा दख्खनी, मराठी आणि हिंदीची मिसळ असते आणि एकही शब्द उधार नसतो. वहीत मात्र हे येत नाही. आपली आवड लिहिण्याच्या लायकीची नाही, हा धडा मूल फार लवकर शिकते. मोठेपणी तेच मूल लेखक झाले तर प्रश्नांवर लिहिते, कारण प्रश्नांना मान आहे.

मग असे लेखन शोधायचे कुठे? याद्यांमध्ये, पुरस्कारांत, अभ्यासक्रमात ते क्वचित असते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादरच्या इमारतीत नाव ठरवून न जाता कपाटे चाळली तर ते भेटते. ज्ञातींच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखिते, १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ची मागची पाने, रद्दीतले जुने दिवाळी अंक, या त्याच्या जागा आहेत. अशा वाचनाची एक रीत आहे. एक लेखक आवडला की त्याने कोणाचे नाव घेतले ते पाहावे आणि तिकडे जावे. माडगावकरांचेही असेच झाले. मुरली रंगनाथन यांनी चिकाटीने केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला आणि मराठी न येणाऱ्यांनाही हे मास्तर भेटले. एका वाचकाने हात धरून दुसऱ्याकडे नेल्याशिवाय हे लेखन पुढे जात नाही.

सापडले म्हणजे सारे चांगलेच, असे नव्हे. बरेचसे लेखन आठवणींच्या पाकात बुडालेले असते. ‘आमच्या वेळी’ने सुरू झालेले वाक्य बहुधा कुठेच पोचत नाही. लालबागच्या मसाला गल्लीतून मे महिन्यात वर्षाचा मसाला कांडून आणण्यावर कोणी लिहिले आणि त्यात मिरची कोणती, किती, धणे कितपत भाजायचे हे नसेल, तर तो मसाला नव्हे, नुसता वास आहे. कोकणी मुसलमान घरातले सांदण आणि शेजारच्या हिंदू घरातले सांदण यांत काय सारखे, काय निराळे, हे मापासकट लिहिणारी बाई मला दहा परिसंवादांइतके सांगून जाईल. दोन जमातींमधल्या नात्यावर भाषण न करता ती ते नाते ताटात दाखवील.

प्रश्नांवरचे लेखन थांबवावे, असा या सगळ्याचा अर्थ कोणी काढू नये. ते थांबणार नाही आणि थांबूही नये. पण ज्या समाजाचे साहित्य फक्त त्याच्या प्रश्नांपुरते असते, तो समाज इतरांना आणि हळूहळू स्वतःलाही एक प्रश्नच वाटू लागतो. मराठी वाचकाने आपल्याला वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून ओळखले आहे. आपली प्याली, आपला मांजा, आपला मसाला त्याने आपल्याच शब्दांत अजून पुरेसा वाचलेला नाही. म्हणून अशा वार्षिकांच्या संपादकांना एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या अंकासाठी लेख मागवताना नेहमीच्या विषयांबरोबर एवढेही विचारा की, तुम्हाला कशाचा नाद आहे आणि त्यातले तुम्हाला काय ठाऊक आहे? दर्जी, अत्तरवाला, कबुतरबाज, घरी बसून शिवणकाम करणारी बाई, सगळ्यांना विचारा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, मापे मात्र बरोबर असू द्या.