टॉल्किनच्या कथेतलं युद्ध कुठे शोधायचं?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि युद्ध असं म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या लढाया येतात. किल्ल्याची भिंत, हजारो ओर्क, घोडदळाची मुसंडी. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: ती अंगठी म्हणजे अणुबॉम्ब का? सॉरॉन म्हणजे हिटलर का?

हा प्रश्न आज आपण बाजूला ठेवणार आहोत. का, तेही सांगतो. कादंबरीचं लेखन १९३७च्या अखेरीस सुरू झालं. अंगठी वापरायची नाही, नष्टच करायची, हे कथासूत्र हिरोशिमाच्या बऱ्याच आधी ठरलेलं होतं. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किननं स्वतःच म्हटलं आहे की कथा दुसऱ्या महायुद्धावर बेतली असती, तर अंगठी शत्रूविरुद्ध नक्कीच वापरली गेली असती. त्याच प्रस्तावनेत तो आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो: १९१८पर्यंत त्याच्या जवळच्या मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता. आपल्याला जायचं आहे ते या वाक्याकडे.

जे. आर. आर. टॉल्किनचा जन्म १८९२चा. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत त्याचा चार मित्रांचा कंपू होता: तो, रॉब गिल्सन, जेफ्री स्मिथ आणि ख्रिस्तोफर वाइजमन. ऑक्सफर्डची पदवी घेऊन टॉल्किन लष्करात गेला आणि जून १९१६मध्ये लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या ११व्या बटालियनचा अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये उतरला. काम संदेशवहनाचं. फील्ड टेलिफोन, झेंडे, कबुतरं, निरोप घेऊन धावणारे शिपाई. १ जुलैला सॉमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले १९ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत गिल्सन होता. डिसेंबरमध्ये स्मिथ जखमेनं गेला. त्याआधी स्मिथनं टॉल्किनला पत्र लिहिलं होतं. आशय असा, की मी राहिलो नाही तर मला जे सांगायचं होतं ते तू सांग. टॉल्किन मात्र उवांमधून पसरणाऱ्या 'ट्रेंच फीव्हर'नं आजारी पडून नोव्हेंबर १९१६मध्ये इंग्लंडला परतला होता. म्हणजे बघा, उवेनं वाचवलेला माणूस.

या आजारपणात त्यानं लिहायला घेतलेल्या पहिल्या मोठ्या कथांपैकी एक 'द फॉल ऑफ गॉन्डोलिन'. लपलेल्या सुंदर नगरीवर शत्रू चालून येतो, आणि त्याच्या सैन्यात धातूचे सरपटणारे अजस्र प्राणी आहेत. काहींच्या पोटात ओर्क बसलेले आहेत. आता तारीख लक्षात घ्या. जगाच्या इतिहासात रणगाडा पहिल्यांदा वापरला गेला तो १५ सप्टेंबर १९१६ला, याच सॉमच्या रणभूमीवर. हा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे आणि तो पटण्याजोगा आहे. पण आम्हांला वाटतं, हा संबंध सोपा आहे. राक्षसांमध्ये युद्ध दिसणारच. ते इतर कुठे आहे?

एक जागा म्हणजे जमीन. फ्रोडो आणि सॅम मृतांच्या दलदलीतून जातात तेव्हा पाण्याखाली चेहरे दिसतात. शत्रूचे आणि आपले, सगळे सारखेच कुजलेले. १९६०च्या एका पत्रात टॉल्किननं मान्य केलं की या प्रदेशावर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण आहे. त्याच पत्रात त्यानं विल्यम मॉरिसच्या पुस्तकांचं ऋण जास्त मानलं आहे, हे सांगायला बरेच जण विसरतात. अनुभव थेट कागदावर येत नाही, तो आधी वाचलेल्या पुस्तकांचे कपडे घालून येतो. आपण समीक्षा करताना दोन्ही गोष्टी हातात धरायला हव्यात.

दुसरी जागा म्हणजे सॅम. चरित्रकारानं नोंदवलं आहे की अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणारे ऑर्डर्ली आणि साधे शिपाई टॉल्किनला सॅममध्ये दिसत होते. मग सॅम काय करतो ते पाहा. ओझं उचलतो, शेवटचं अन्न मालकासाठी राखतो, आणि इथिलिएनमध्ये शत्रूपक्षाचा एक माणूस समोर मरून पडतो तेव्हा त्याच्या मनात येतं, याचं नाव काय असेल? हा खरंच दुष्ट होता, की कुणीतरी खोटं सांगून, धाक घालून याला इतक्या लांब आणलं? लढाईच्या ऐन धामधुमीत हा एक परिच्छेद. घोडदळाच्या सगळ्या मुसंड्या एका बाजूला आणि हा परिच्छेद एका बाजूला.

आता आक्षेपाकडे येऊ, कारण तो टाळता येणार नाही. विल्फ्रेड ओवेन, सिगफ्रीड ससून यांनी खंदकातलं मरण उघडं करून दाखवलं. त्यांच्याच पिढीचा टॉल्किन तलवारी, शिंगं आणि राजे घेऊन येतो. मशीनगननं माणसं कापली जाताना पाहिलेल्या माणसानं युद्धाला पुन्हा सोन्याचा मुलामा द्यावा? यात तथ्य आहे. ओर्क मरतात तेव्हा कथेला वाईट वाटत नाही, आणि हे दुबळेपण आहे. ओर्कांचं मूळ काय, याचा घोळ टॉल्किनच्या मनात शेवटपर्यंत सुटला नाही. पण त्याच कादंबरीत शाग्रात आणि गोर्बाग हे दोन ओर्क वरिष्ठांच्या नावानं बोटं मोडत, लढाई संपली की कुठंतरी साहेब नसलेल्या ठिकाणी जाऊ म्हणतात. हे कुठल्याही खंदकातलं बोलणं आहे. म्हणजे लेखकाच्या सिद्धांताला जे मान्य नव्हतं, ते त्याच्या कानांनी लिहून ठेवलं.

आणि शेवटची जागा, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. युद्ध जिंकल्यावरही कादंबरी संपत नाही. फ्रोडो मुळात शेवटच्या क्षणी अंगठी टाकू शकलेला नाही, ती अपघातानं नष्ट होते. तो घरी येतो आणि मिरवणूक निघते ती इतरांची. त्याला गावात फारसा मान नाही, हे सॅमला खुपतं. ६ ऑक्टोबरला, म्हणजे ज्या दिवशी त्याला सुरा लागला होता त्या तारखेला, तो आजारी पडतो. १३ मार्चला, कोळिणीनं दंश केला त्या तारखेला, पुन्हा. मार्चमधलं आजारपण तो सॅमपासून लपवतो. अखेर त्याला आपला गाव सोडून समुद्रापार जावं लागतं. गाव वाचला, पण त्याच्यासाठी नाही.

परीकथेच्या नियमानुसार इथे 'सुखानं नांदू लागले' असं हवं होतं. टॉल्किनला तो नियम चांगला ठाऊक होता, परीकथांवर त्यानं स्वतः व्याख्यान दिलेलं आहे. तरी त्यानं तारखेला ठणकणारी जखम लिहिली.

याचा आपल्याशी काय संबंध? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचं स्मारक आहे. मेलेल्यांची दखल दगडानं घेतली. पण जे परत आले आणि वर्षातल्या एखाद्या तारखेला न बोलता बसून राहिले, त्यांची नोंद कुठे आहे? सरकारी कागदात ती नसते. आपल्या भाषेतही ती फार थोडी आहे. ती नोंद करायला नेहमी आत्मचरित्रच लागतं असं नाही, काल्पनिक देशातल्या एका बुटक्या माणसाच्या गोष्टीतूनही ती होऊ शकते. पुस्तक पुन्हा हातात घ्याल तेव्हा लढाया भराभर वाचल्या तरी चालतील. शेवटची प्रकरणं मात्र सावकाश वाचा.

आता प्रश्न घेऊया.