दगडाचं बक्षीस

"जिंकणाऱ्याला मिळतं काय?" सायकलवाल्या काकांनी विचारलं.

"दगड."

"म्हणजे काहीच नाही?"

"अहो, खरोखरचा दगड. तिथल्या रस्त्याच्या फरसबंदीतला. छान बैठकीवर बसवून देतात."

काकांनी हातातलं चाक थांबवलं आणि दुकानाबाहेर मान वळवली. गोखिवऱ्यातल्या आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले, त्याला बरेच पावसाळे झाले. काही खचलेत, काही वर आलेत, दोन-तीन तर सुटेच पडलेत. "मग इथून न्या म्हणावं," काका म्हणाले. "एक कशाला, दहा न्या."

एप्रिलमधला रविवार होता. तिकडे पॅरिस–रूबे शर्यत संपत आली, की इकडे रात्रीचे साडेआठ वाजतात. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधली माणसं अशा वेळी काकांकडे सायकली टाकून जातात, कॅरिअरला रिकामा डबा तसाच अडकवलेला. अर्धं शटर ओढून काका पंक्चर काढत बसतात. मी फोन ट्यूबच्या खोक्याला टेकवून शर्यत बघतो आणि त्यांना अधूनमधून धावतं समालोचन ऐकवतो. पण दगडाचा प्रश्न त्यांनी विचारला आणि माझं समालोचन अडलं. जिंकलेल्या माणसाला दगड द्यायचा आणि त्यानं तो छातीशी धरून रडायचं, यात मान नेमका कुठून येतो?

टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. आज मागे पडलात तर उद्या भरून काढता येतं. त्यात हिशेब असतो, संयम असतो, संसार असतो. एकदिवशीय शर्यतीला उद्या नाही. सकाळी निघायचं, दोन-अडीचशे किलोमीटर मारायचे आणि संध्याकाळी काय तो निकाल. अशा शेकडो शर्यती होतात, त्यातल्या पाचांना युरोपात 'स्मारकं' म्हणतात: लिएज–बास्तोन–लिएज (१८९२), पॅरिस–रूबे (१८९६), लोंबार्दिया (१९०५), मिलान–सान रेमो (१९०७) आणि टूर ऑफ फ्लँडर्स (१९१३). यातली सर्वांत थरारक कुठली आणि सर्वांत मानाची कुठली, यावर शौकीन तासन्‌तास भांडतात. भांडताना थरार आणि मान यांची खिचडी करतात, असं मला वाटतं. थरार शेवटच्या अर्ध्या तासात ठरतो. मान ठरवतो रस्ता, आणि त्याला त्यासाठी शंभरेक वर्षं लागतात.

रूबेचा दगडच बघा. शर्यत सुमारे अडीचशे किलोमीटरची, त्यात पन्नासेक किलोमीटर दगडी फरसबंदी, तीही तुकड्या-तुकड्यांत. हे रस्ते शर्यतीसाठी कुणी बांधले नाहीत. शेतात जायचे, खाणीवर जायचे जुने रस्ते आहेत ते. बाकीच्या गावांनी डांबर टाकून सुधारणा करून घेतली, हे तेवढे राहिले. आता तर त्यांची डागडुजी करायला स्वयंसेवकांची संघटना आहे. निखळलेले दगड ती पुन्हा बसवते, पण गुळगुळीत करत नाही. 'उत्तरेचा नरक' हे शर्यतीचं टोपणनाव या दगडांमुळे पडलं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते १९१९ सालचं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, शर्यत पुन्हा सुरू करायची म्हणून वार्ताहर मार्ग बघायला गेले. झाडं जळालेली, गावं भुईसपाट, सगळीकडे खड्डे आणि चिखल. तेव्हा हा शब्द उमटला.

या मार्गावर आरेनबर्गच्या जंगलातला सव्वादोन-अडीच किलोमीटरचा एक सरळसोट पट्टा आहे. तो १९६८ साली शर्यतीत आला, जाँ स्ताब्लिंस्कीच्या सांगण्यावरून. स्ताब्लिंस्की १९६२चा विश्वविजेता, पण त्याआधी तिथल्याच कोळशाच्या खाणीत राबलेला. म्हणजे ज्या जमिनीखाली त्यानं घाम गाळला, तिच्याच पाठीवरून पुढे सायकली धावल्या. मला शर्यतीच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. विजेत्याला १९७७पासून दगड देतात. पहिल्याच वर्षी तो रॉजर डे व्लेमिंकला मिळाला. त्याचा हा चौथा विजय, आधीच्या तिन्ही वेळी बिचाऱ्याला दगड नव्हता.

शेवट रूबेच्या उघड्या वेलोड्रोममध्ये होतो. दिवसभर हाडं खिळखिळी करणारा रस्ता आणि शेवटी एकदम गुळगुळीत, कललेली सिमेंटची धावपट्टी. २०१६ साली इथे पाच जण जवळजवळ एकत्र आले. त्यांत बेल्जियमचा टॉम बोनन होता, चार वेळा जिंकलेला, पाचवा विजय मिळता तर विक्रम. आणि होता मॅथ्यू हेमन, सदतीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेणारा, या शर्यतीत पंधराव्यांदा उतरलेला. फेब्रुवारीच्या अखेरीस पडून त्याचा हात मोडला होता. रस्त्यावर जाता येईना, म्हणून घरातच स्टँडवरच्या सायकलवर पायडल मारत त्यानं तयारी केली. तो जिंकला. रेष ओलांडल्यावरचा त्याचा चेहरा आनंदाचा नाही. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाचा आहे.

मग काही जण आंघोळीला जातात. वेलोड्रोमलगत जुन्या सिमेंटच्या न्हाण्या आहेत, बुटक्या भिंतींच्या, आणि प्रत्येकीवर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. दगडापेक्षाही मला ही पट्टी मानाची वाटते. आपलं नाव न्हाणीवर लागावं म्हणून माणसं अडीचशे किलोमीटर धडपडतात!

रूबेत थरार आणि मान एकत्र नांदतात. मिलान–सान रेमोत त्यांची फारकत दिसते. सर्वांत लांब, जवळजवळ तीनशे किलोमीटर, आणि त्यातले अडीचशे तुम्ही झोप काढलीत तरी चालेल. इटलीत दुपार होते, इकडे आपण जेवून घेतो, भांडी होतात, घोळका अजून समुद्राकाठानं चाललेलाच असतो. ही शर्यत कंटाळवाणी आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. फक्त त्यांना कीर्तन आठवायला सांगतो. पूर्वरंगात बुवा निरूपण लावतात, निम्मे श्रोते पेंगतात. पण पूर्वरंग नसेल तर उत्तररंगातलं आख्यान रंगत नाही. सान रेमोचा पूर्वरंग सहा तासांचा आणि उत्तररंग वीस मिनिटांचा, इतकंच.

तो उत्तररंगही नंतर जोडलेला आहे. सगळा घोळका एकत्र शेवटाला येऊ लागला, म्हणून संयोजकांनी १९६० साली पोज्जो नावाची टेकडी मार्गात घातली आणि १९८२ साली तिच्या आधी चिप्रेसा. पोज्जो उंचीनं काहीच नाही, समुद्रसपाटीपासून एकशे साठ मीटर. एरवी हे सायकलपटू तिच्याकडे बघणारही नाहीत. पण पाय आधीच दोनशे नव्वद किलोमीटर चाललेले असतात, आणि माथ्यापासून शेवट उरतो जेमतेम साडेपाच किलोमीटर.

१९९२ची ती शर्यत मी काकांना मुद्दाम दाखवली होती. मोरेनो अर्जेंतिन पोज्जोवर सगळ्यांना सोडून एकटा पुढे निघाला. घरचं मैदान, सगळी इटली त्याच्या मागे. मागच्या घोळक्यातून उतारावर शॉन केली सुटला, पस्तिशीचा आयरिश गडी, लोकांनी ज्याला जवळपास निवृत्तच ठरवून टाकलं होतं. वळणं अरुंद, एका बाजूला भिंत. मी ओरडत होतो, काका गप्प. ते सायकलस्वाराकडे बघतच नव्हते, त्याच्या हातांकडे बघत होते. "बोटं ब्रेकवर आहेत," शेवटी म्हणाले, "पण दाबत नाहीये." केलीनं अर्जेंतिनला शेवटच्या किलोमीटरच्या आसपास गाठलं, थोडा वेळ त्याच्या मागे दम खाल्ला आणि रेषेआधी मागे टाकलं. काकांनी ते वळण पुन्हा दाखवायला लावलं. दोनदा.

फ्लँडर्सबद्दल फार लिहीत नाही, तिचे भक्त आधीच पुष्कळ आहेत. पण थरारासाठी मानाला हात लावला की काय होतं, हे तिथे दिसलं. २०१२ साली शेवट ऑदेनार्ड गावी हलवला आणि हेरार्ड्सबर्गेनची प्रसिद्ध दगडी चढण मार्गातून वगळली. लोकांनी चक्क तिची अंत्ययात्रा काढली. २०१७ साली ती परत आली, पण शेवटापासून फार दूर, पंगतीत कोपऱ्यात बसवलेल्या आजोबांसारखी. लिएजचा एकच दिवस सांगतो. १९८० साली बर्फ पडत होतं. बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक अंतरानं जिंकला. शर्यत फक्त २१ जणांनी पुरी केली. इनोच्या बोटांतली बधिरता पुढे कायमची राहिली. नऊ मिनिटांच्या अंतरात थरार कसला? पण मान विचाराल तर आजही लोक त्या दिवसाबद्दल आवाज खाली आणून बोलतात.

लोंबार्दिया मात्र मला आपल्या घाटात घेऊन येते. या शर्यतीच्या वाटेवर गिझाल्लोच्या चढणीच्या माथ्यावर मेरीमातेचं छोटं देऊळ आहे. पूर्वी वाटसरूंची राखणदार असलेल्या या मातेला १९४९ साली पोपनी सायकलवाल्यांची अधिष्ठात्री केलं. आत भिंतींवर सायकली टांगल्यात, कॉप्पी, बार्ताली, मर्क्स अशा जुन्या शर्यतवीरांच्या. त्यांतच एक चेपलेली सायकल आहे, १९९५च्या टूरमध्ये उतारावर पडून गेलेल्या फाबिओ कासार्तेल्लीची. तो याच भागातला मुलगा. सायकली माथ्याशी आल्या की देवळाची घंटा वाजते.

आणि बोरघाटात शिंग्रोबा आहे. इंग्रजांना घाटातून वर जायची वाट सापडत नव्हती, शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका. गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. शिंग्रोबाचं देऊळ जुन्या रस्त्याला आहे, जाणारे-येणारे गाडीतूनच नाणं टाकतात. मुंबई–पुणे सायकल शर्यत याच घाटातून वर चढते. ती दरवर्षी झालेली नाही, मध्ये बंद पडते, पुन्हा उभी राहते. युरोपातली कुठलीही टीम तिच्यासाठी विमान पकडत नाही. पण स्मारक कशाला म्हणायचं याचं मोजमाप रस्ता असेल, तर हा रस्ता त्या पाचांच्या पंगतीत मान खाली न घालता बसेल. खोपोली ते खंडाळा जवळजवळ पाचशे मीटरची चढण आहे, तीन पोज्जो एकावर एक रचल्यासारखी.

शिवाय या शर्यतीनं आपल्याला एक शब्द दिलाय, 'घाटाचा राजा'. घाटमाथ्यावर पहिला पोचेल तो. टूरमध्येही डोंगरांचा राजा असतो, पण तो अनेक डोंगरांवरचे गुण गोळा करून ठरतो. हिशेबाचा राजा. इथे एकच घाट आणि एकच राजा, गादी रिकामी आणि वर पोचेल तो बसेल. पुण्यात पहिला येतो तो नुसता 'विजेता'. राजा म्हणतात ते घाटातल्याला. लोकांनी भाषेतच मानाची वाटणी करून टाकली आहे, आणि ती मला बरोबर वाटते.

थराराच्या बाजूनं मात्र रचनेत खोट आहे, हे कबूल करायला हवं. लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंत साठेक किलोमीटर उरतात, रस्ता उताराकडे झुकलेला, घोळक्याच्या सोयीचा. एकटा पुढे गेलेला राजा वडगावच्या अलीकडेच प्रजेच्या तावडीत सापडू शकतो. सान रेमोवाल्यांनी टेकडी शेवटाजवळ आणली, आपण बोरघाट उचलून देहूरोडला कसा नेणार? आणि नेऊही नये.

मागच्या हिवाळ्यात मी मित्राच्या टेम्पोत सायकल टाकून खोपोलीपर्यंत गेलो आणि तिथून घाट चढलो. गोखिवऱ्याहून पहाटे तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत रपेट मारणाऱ्या माणसाला असतो तेवढा आत्मविश्वास होता. दुसऱ्या वळणाला तो संपला. सगळ्यांत हलक्या गिअरवर, जिभेला कोरड, शेजारून ट्रक माझ्याइतक्याच संथपणे कण्हत चाललेला. शिंग्रोबाजवळ त्या ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून हात काढला आणि न बघता नाणं भिरकावलं. ते बरोबर देवळापाशी पडलं, खण्ण आवाज आला.

मीही एका हातानं हँडल धरून खिशातून दोनचं नाणं काढलं आणि टाकलं. ते अलीकडेच पडलं, कडेवर उभं राहिलं आणि उतारानं माझ्याच दिशेनं घरंगळत आलं. उतरावं लागलं. उचललं, चालत जाऊन नीट देवापुढे ठेवलं, हात जोडले. परत सायकलवर टांग मारली तर तेवढ्या चढावर चाक पुढे जाईना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा पाय टेकला. मग पुढच्या वळणापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. ट्रक एव्हाना दिसेनासा झाला होता.